कन्यादानाआधीची जिलेबी

माय, तुझ्या नातीचं लग्न झालं परवा, अकोल्यात. तू असती तर मले मांडवातच हाणलं असतं, म्हणून मीच आधी सांगून टाकते.

दहा वर्षांची असताना मले साखरेची बिमारी निघाली. अमरावतीच्या दवाखान्यातली नर्स तुले म्हणाली, "इंजेक्शन आधी संत्र्यावर शिका." मोर्शीले येऊन तू टोपलंभर संत्र्यांत पाणी टोचत बसली. मग माझी मांडी. हात तुझा थरथरे अन् ओरडे मात्र माझ्यावर, "हालशील तर देईन एक!" औषधाची बाटली गार राहाव म्हणून ओल्या मडक्यात. शेजारणीनं विचारलं का तू म्हणे, "डोळ्याचं औषध हाय." शाळेत चक्कर येऊन गावभर झालं तर पोरीले करेल कोण, म्हणून पाचवीतून काढलं मले. त्याचा राग अजून आहे, खोटं कायले बोलू?

पण मी बसून नाही राहिली. शेवयांचा धंदा आहे माझा, दहा बाया हाताखाली. स्कुटीवर बार्शीटाकळीपर्यंत माल पोचवते. इन्सुलिन आता पेनानं घेते, चारचौघांत. तुझा जावई म्हणते, "जरा आडोसा तरी पाह्य." मी म्हणते, "तुम्ही पाहा तिकडे."

तर लग्न. पत्रिकेवर मुहूर्त साडेअकराचा. मागाहून गडबडीत राहून जाईल म्हणून मी सव्वाअकरालेच जेवणाचं इन्सुलिन टोचून घेतलं. आपल्याकडच्या पत्रिकेवर भरवसा ठेवणारी मीच एक येडी! वरात चौकातच नाचून राहिली. बारा वाजून गेले, अन् मले दरदरून घाम, हातात कापरं. मोठी जाऊ म्हणते, "कन्यादान व्हाचं आहे, आईनं उपाशीच राहाव लागते. पाणी पी." नवरदेवाची माय वरातीच्या आधीच येऊन समोर खुर्चीवर बसलेली. तू असती तर मले पडद्यामागं नेऊन तोंडात गूळ कोंबला असता. मी सरळ आचाऱ्याकडं गेली, जिलेबी उचलली अन् विहीणबाईसमोर उभ्यानं खाल्ली.

"काहो, उपास नाही तुमचा?" विहीणबाईनं विचारलं.

"लहानपणापासून साखर आहे मले. इन्सुलिन घेतलं, आता खाल्लं नाही तर कन्यादानात आडवी पडन. मंग तुमच्याच पोराले उचलाव लागन मले."

जावेचं तोंड पाहण्यासारखं. विहीणबाईनं मले वरून खाली पाहिलं, अन् आचाऱ्यावर खेकसली, "पाहून काय राहिला? गरम दे त्याहिले!"

माय, ज्या गोष्टीले तू जन्मभर घाबरली ते इतकंच निघालं. कन्यादानाचं पाणी सोडताना हात जरासाही हालला नाही माझा. पोरगी रडली, मी नाही. वरातीचा बँड अजून होताच, त्याच्यावर मी अन् विहीणबाई दोघी नाचलो, गुडघे दुखेपर्यंत.

हे तुले पोचणार नाही, माहीत आहे. पोचणार नाही म्हणूनच लिहिते: पहिल्या दोन जिलेब्यांतच हाताचं कापरं थांबलं होतं. पुढच्या दोन मी हौसेनं खाल्ल्या.