मागून हाक मारू नका

दि. १८ सप्टेंबर, गुरुवार
मुक्काम बंगलोर, कारखान्याची खोली

तीर्थरूप बाबांस,
तुमच्या प्रविणचा दोन्ही हात जोडून नमस्कार. मी इथं खुशाल आहे. मायची, भूपेंद्रची तब्येत बरी असंल. गावाकडं पाणी कसं आहे? धान लोंबीवर आला असंल आता. वावराजवळची बोडी पाण्यानं भरली का?

तुम्ही म्हणाल, याले आजकाल कागद लिहायचा काय सोस आला. आठवी नापास माणूस, आवेदन लिहायचं तरी दुसऱ्याच्या तोंडाकडं पाहते. तर सांगतो. फोनचं बिघडलं आहे. आवाज नीट येत नाही त्याचा. अन् तुम्हाले तसंही फोनवर ऐकू येत नाही. व्हॉट्सअॅपवर टाकलं असतं, पण तो फोन भूपेंद्रच्या हाती राहते अन् तो सगळ्या घराले मोठ्यानं वाचून दाखवते. म्हणून हे पत्र कवडूकाकाच्या दुकानाच्या पत्त्यावर टाकून राहिलो. पाकिटावर लिहिलं आहे, सेवकराम बाबाच्याच हातात द्या. तुम्ही सिहोऱ्याले बाजारात आले की घ्या अन् तिथंच बाकावर बसून वाचा. घरी नेऊन वाचू नका.

पयले चांगली बातमी. मी फिरायले गेलो होतो. मालकाच्या घरी लग्न होतं, कारखाना बंद ठेवला. खोलीत पडून राहणं माझ्यानं होत नाही, तुम्हाले माहीत आहे. माझ्यासंग खोलीत राहते तो योगेंद्र, पवनीचा, तो म्हणाला, "चाल बे, टूरवाल्याच्या गाडीत दोन सीटा खाली आहेत." लहान गाडी, आठ-दहा माणसं, संग गाइड. शहरं पाहायची अन् धबधबे पाहायचे. माणसं सगळी पेन्शनवाली, शिकलेली. आम्ही दोघंच ग्रॅनाइट कापणारे. योगेंद्रनं नवा लाल शर्ट घातला अन् सगळ्याईले सांगितलं की आम्ही दगडाचे व्यापारी आहो.

गाइडचं नाव इश्वर. बेळगावकडचा, मराठी बोलते, पण आपल्यासारखी नाही, कडक. गाडी निघाल्याबरोबर त्यानं गळ्यातली शिट्टी दाखवली. म्हणाला, "हे बघा मंडळी, मी ओरडत बसणार नाही. शिट्टी वाजली की जिथं असाल तिथून मागे फिरायचं. जो फिरणार नाही त्याला सोडून गाडी जाईल." सगळे हसले. मीही हसलो.

मैसूरचा राजवाडा पाहिला. बाबा, तुम्ही जिथं राबले ती अख्खी राइस मिल त्याच्या एका दालनात मावंल, वरून पोत्याईची थप्पी लावायले जागा उरंल. छताले रंगीत काच. मी मान वर करून पाहत राहिलो. खाली पाहिलं तर आजूबाजूले कोणी नाही. योगेंद्र आला, दंडाले धरून ओढलं. "निघा राजे, हा वाडा तुमच्या नावावर नाही झाला अजून. तीनदा शिट्टी मारली त्यानं."

मी म्हटलं, पाहण्यात गुंग होतो.

त्यानंतर मी एक युक्ती केली. योगेंद्रचा लाल शर्ट नजरेतून जाऊ द्यायचा नाही. शर्ट फिरला की मी फिरायचो. बाजारात, देवळात, चंदनाच्या दुकानात. देऊळ पाहाचं सोडून मी शर्ट पाहून राहिलो होतो.

दुसऱ्या दिवशी मोठा धबधबा. समोरच्या टेकडावर कठडा आहे, तिथं उभं राहून पाहाचं. पाणी असं पांढरं, आमच्या कटरच्या पातीखालून दगडाची मळी वाहते तसं. आमचे म्हातारे लोक एकमेकाईच्या कानाले तोंड लावून ओरडून राहिले होते. हात हलवून, 'काय? काय?' कोणालेच कोणाचं ऐकू येत नव्हतं. अन् बाबा, काय सांगू, मले बरं वाटलं. खूप बरं वाटलं. कठड्याले टेकून मी पोटभर हसलो. योगेंद्रले वाटलं पाणी पाहून खूश झाला.

मले कायचं बरं वाटलं ते तुम्ही समजले असाल. माय नसती समजली. तुम्हाले समजंल म्हणून तर हे तुम्हालेच लिहून राहिलो.

फोन चांगला आहे बाबा. वर खोटं लिहिलं. खोडत नाही, कागद खराब होते.

उन्हाळ्यापासून चालू आहे हे. पयले उजव्या कानात शीऽऽ असं वाजायचं, रातकिडा शिरल्यासारखं. मले तुमचं बोलणं आठवलं. मी लहान होतो तवा मिलमध्ये डबा घेऊन यायचो अन् कान दाबून धरायचो. तुम्ही माझे हात बाजूले करायचे अन् मायले सांगायचे, "पयले पयले कान वाजते. मंग वाजणं बंद होते. मंग समजाचं, कान पक्का झाला. हाताले घट्टे पडते तसे कानाले पडते." मिलमधले सगळे तसंच म्हणायचे. ज्याचा कान पक्का तो जुना माणूस, त्याले मशीनवर उभं करायचं.

इथं कारखान्यात कानात घालाचे डाट देते. नवीन पोरं घालते. मी नाही घातले. सुपरवायझर बोलला तर मी म्हटलं, आमचा कान मिलचा आहे साहेब, बापापासून पक्का. योगेंद्र डाट घालते तर मी त्याले नवरी म्हणायचो, कुडं घालून आली म्हणून चिडवायचो. मंग खरंच वाजणं कमी झालं. मी मनातल्या मनात म्हटलं, झाला पक्का.

पण त्यासंग बाकीचंही कमी झालं. पाखराचा आवाज गेला. सायकलची घंटी गेली. बाईमाणसाचं बोलणं अर्धं येते, अर्धं येत नाही. गड्याचं बोलणं येते, तोंड समोर असलं तर.

आता तिसऱ्या दिवसाचं लिहितो.

तो धबधबा लहान. नाव लांबलचक आहे, मले लिहिता येत नाही. खाली मोठाले सपाट दगड, गोट्यावरून गोट्यावर पाय देत मधापर्यंत जाता येते. ऊन होतं, पाणी घोट्याएवढं. वरच्या गावाकडं पाऊस झाला असंल, आम्हाले काय माहीत. इश्वरनं सांगितलं, "पायच ओले करा फक्त. शिट्टी वाजली की बाहेर."

मले कुठं दम निघते. मी सगळ्यात पुढच्या दगडावर गेलो. योगेंद्र काठावर फोटो काढत होता. लाल शर्ट माझ्या पाठीमागं राहिला. धबधब्याकडं तोंड करून मी उभा होतो, अंगावर तुषार येत होते. एवढं शांत वाटत होतं बाबा. धबधब्यासमोर उभं राहून कोणाले शांत वाटते का? तवाच समजायले पाहिजे होतं.

सहज मागं वळून पाहिलं. सगळे काठावर गेले होते अन् हात हलवून राहिले होते. म्हातारे, बाया, इश्वर, सगळे. मले वाटलं, फोटो काढून राहिले. मी दोन्ही हात वर करून हलवले, दात दाखवले अन् पुन्हा पाण्याकडं तोंड केलं.

मंग पाठीत काहीतरी फाडकन लागलं. मले राग आला. वळून शिवी देणार तर पायाजवळून एक चप्पल वाहून गेली, बाईमाणसाची. अन् मी पाहिलं, ज्या दगडावरून मी आलो तो दगडच नव्हता. त्याच्यामागचाही नव्हता. मातकट पाणी, काड्या, फेस. माझ्या दगडावर पाणी चढून पिंढरीले लागलं होतं. योगेंद्रचं तोंड उघडं होतं, मानेच्या शिरा फुगल्या होत्या. तो केवढ्यानं ओरडत होता देव जाणे. मले धबधब्याची नुसती घरघर येत होती, दूर कुठं मिल चालू असल्यासारखी. त्याचा एक शब्द नाही आला.

ते भेव मी तुम्हाले सांगू नाही शकत. पाण्याचं भेव वेगळं, पाण्यात मी बोडीत उडी मारलेला माणूस आहो. हे भेव असं की जग सगळं माझ्यासाठी ओरडून राहिलं अन् मी हसून हात हलवून राहिलो.

इश्वरनं गाडीतला दोर आणला, एक टोक झाडाले बांधलं अन् दुसरं फेकलं. दोनदा हुकला. तिसऱ्यांदा मी धरला. कंबरेएवढ्या पाण्यातून ओढून काढलं मले. गुडघे फुटले, बाकी काही नाही. मायले सांगू नका. इश्वरनं आधी माझ्या कानफटात मारली अन् मंग स्वतःच खाली बसला, डोकं धरून. योगेंद्र रडत होता अन् शिव्या देत होता. त्या शिव्या मात्र मी त्याच्या ओठावरून सगळ्या वाचल्या.

चप्पल मारली ती सत्यवतीबाईनं. साठीच्या वरची आहे, दवाखान्यातली रिटायर नर्स. बाकी लोक ओरडत राहिले, तिनं चप्पल काढली. गाडीत ती अनवाणी माझ्या बाजूले येऊन बसली. मंग पदर तोंडासमोर धरला. मी तिच्या डोळ्याकडं पाहत राहिलो. पदर खाली केला अन् हिंदीत म्हणाली, "मैंने तीन बार तेरा नाम पूछा."

"कब से है?"

मी म्हटलं, काय कब से? माझा कान पक्का आहे.

ती हसली नाही. म्हणाली, कान काही हात आहे का घट्टे पडायले? जे गेलं ते गेलं, आता जे उरलं ते पाहा. मशीन सोडली तर उरलेलं राहू शकते. नाही सोडली तर तेही जाईल. मैसूरले उतरून तपासून घे, मी येते संग. बाबा, मी उतरलो नाही. गाडीतच बसून राहिलो, सीट धरून. पाण्यातून बाहेर आलो पण त्या दवाखान्याच्या दारात जायची माझी हिंमत झाली नाही. तपासलं तर कागदावर येईल. कागदावर आलं की खरं होईल.

आज खोलीतले सगळे कामावर गेले. मी ताप आला म्हणून सांगितलं. सोमवारी नाही गेलो, मंगळवारी नाही गेलो, कालही नाही गेलो. कटर इथून दिसते. ती चालू झाली की खिडकीचा गज हातात थरथरते, तवा मले समजते की चालू झाली. आवाजानं नाही समजत.

आता डिंपलचं. ते मी लिहिणार नव्हतो. माय म्हणते तिच्या घरचे लाखनीवाले लग्नाले दिवाळीनंतरची तारीख मागून राहिले. डिंपल मले फोन करायची. तिचा आवाज बारीक. मी अंदाजानं हो हो म्हणायचो, हसायचो. गेल्या महिन्यात ती खूप वेळ बोलली. मले वाटलं, काही गमतीचं सांगून राहिली. मी हसलो. मोठ्यानं हसलो. मंग योगेंद्रनं माझ्या हातातून फोन घेतला, ऐकलं अन् मले लिहून दाखवलं, 'तिची आजी वारली बे.'

त्यानंतर तिचा फोन नाही. तिच्या घरी वाटत असंल, पोरगा माजला. अन् खरं सांगितलं तर वाटंल, पोरगा बहिरा. दोन्हीतून कोणतं बरं?

म्हणून तुम्हाले एक विचारतो. रागावू नका. लग्न झालं तवा तुमच्या कानाचं तुम्हाले माहीत होतं का? मायले आधी सांगितलं होतं का, का तिले नंतर समजलं? मी लहानपणापासून मायले तुमच्यावर ओरडतानाच पाहिलं. भाजीत मीठ कमी आहे का, हेही ती ओरडून विचारते. आम्हाले वाटायचं मायचा आवाजच तसा. तिचा आवाज आधी कसा होता? डिंपलसारखा बारीक होता का?

अन् दुसरं. कान पक्का होते म्हणायचे, तवा तुम्हाले खरंच तसं वाटायचं का? तसंच वाटत असंल. तुम्ही मले पाण्यात ढकललं असं मी कधी म्हणणार नाही. पण तुम्हीही त्या दगडावर उभे होते बाबा, अन् तुमच्या पाठीत कोणी चप्पल मारली नाही.

तर मी ठरवलं. मशीनवर जात नाही. सुपरवायझरले उद्या सांगतो. काम दुसरं पाहीन, गाडीचं, शेताचं, काही. पण तपासायले मी एकटा जाणार नाही, माझ्यानं होत नाही. मी गावाले येऊन राहिलो. आपण दोघं भंडाऱ्याले जाऊ, कानाच्या डॉक्टरले दोघाईचेही कान दाखवू. तुम्ही कधीच दाखवले नाही. पयले तुम्ही बसा खुर्चीत, मंग मी बसतो. तिथून लाखनीले जाऊ. डिंपलच्या बाबाले मी आपल्या तोंडानं सांगीन. ती समोर बसली तर तिचं बोलणं मले समजते. बस, तिनं समोर बसायले तयार व्हावं.

पुढच्या रविवारी, २८ तारखेले, सकाळी तुमसर रोडले उतरतो. तुम्ही एकटेच या. आपण दोघंही स्टेशनावर असलो तर गाडीची घोषणा कोणालेच ऐकू येणार नाही, म्हणून पुलाखाली उभे राहा, चहावाल्याजवळ. मी लाल शर्ट घालून येतो, योगेंद्रचा मागून घेतला आहे. मी दिसलो तर मागून हाक मारू नका. समोर या, अन् खांद्यावर हात ठेवा.

वाट पाहून राहिलेला, तुमच्यावरच गेलेला,
प्रविण