रुख्मिणीची खिडकी

डोंगरकडा, ७ डिसेंबर १९९७
पोचले एकदाची! पस्तीस वर्षं दवाखान्यात नर्स म्हणून काढली, आता मोकळी हवा. चंदाबाईंनी ओसरीलगतची खोली भाड्याने दिली, वर गरम भाकरी. माझं काम कळताच त्या मला सुनेचं, निताचं, बारा दिवसांचं लेकरू दाखवायला घेऊन गेल्या. खोली कसली, धुराडं! बाजेखाली शेगडी, ओव्याची धुरी, एकुलत्या खिडकीच्या फटींत चिंध्यांचे बोळे. बाळ खोकतंय. म्हणे, हवा लागती लेकराला. मी विचारलं, मग तुम्ही काहून ओसरीवर झोपता?

बोळे उपटले, शेगडी अंगणात नेली, खोकणाऱ्या बापाला, प्रेमदासला, दाराबाहेर काढलं, सगळ्यांना साबणाने हात धुवायला लावले. लहानपणी कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात मदर कडाक्याच्या थंडीतही आमच्या खिडक्या उघड्या ठेवायच्या. एकही मुलगी मेली नाही.

८ डिसेंबर
सकाळी बोळे जागच्या जागी. चंदाबाईंना फैलावर घेतलं. त्या शपथा घेतात, आमी न्हाई बाई, देवाची आण. मी पुन्हा काढले. चहा पिऊन आले तर पुन्हा ठासलेले. निता गाढ झोपलेली. खिडकीशी कोणीतरी खोकलं. बाळ नव्हे. बाई.

९ डिसेंबर
निता रडत बोलली. प्रेमदासची पहिली बायको रुख्मिणी इथंच बाळंत झाली. सासू धुरी वाढवत राहिली, तिचा जीव घुसमटला, तिने खिडकी उघडली. तिसऱ्या दिवशी लेकरू छाती भरून गेलं. सगळं घर म्हणालं, तूच मारलंस. खोकून खोकून महिन्यात तीही गेली. तेव्हापासून खिडकी उघडी राहत नाही.
धुरात कोंडून पोर मारलं आणि दोष आईला! संताप होतो.

१० डिसेंबर, दुपार
बाळाचे श्वास मिनिटाला अडुसष्ट, साठाच्या वर म्हणजे धोका. छाती आत ओढली जातेय. प्रेमदास जीप आणायला पळाला. आम्ही निघालो तर — दाराच्या फटींतही बोळे. ओले. दार हलेना.
मी खिडकीकडे तोंड करून खडसावलं, की तुझ्या खिडकीने लेकरू गेलं नाही. धुराने गेलं.
खोकला थांबला. बोळे एकेक गळून पडले.

जीप गेल्यावर
निता, बाळ, प्रेमदास दवाखान्याकडे. माझी पिशवी घ्यायला आत आले —
कानाशी विचारलं तिने. शेगडी कोण पेटवायचं?
मी नाव सांगितलं. माझी ही जीभ —
दार पुन्हा हलत नाही. ओसरीवर चंदाबाई खोकतायत. थांबतच नाहीत —
आता आवाज दबला. जणू तोंडात कोणी बोळे —