गळ्यातली नळी

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? भावजींचा खोकला थांबला का? (मी लिहून दिलेली चिठ्ठी त्यांनी कपाटात जपून ठेवलीय हे मला माहीत आहे. हृदयाच्या डॉक्टरला खोकल्यातलं काय कळतं, असं ते म्हणाले तेही इथवर पोचलं.) आम्ही सारे देवाच्या कृपेनं ठीक.

गेल्या मंगळवारी सकाळी मी काय केलं ते मीच सांगतो, दुसऱ्या कोणाकडून कळलं तर तू जास्त हसशील. विभागप्रमुख झाल्यापासून माझा हृदयाशी संबंध दारावरच्या पाटीपुरता उरलाय. सकाळी अभ्यासक्रम समिती, दुपारी खरेदी समिती, मधल्या वेळात समित्या कमी करण्यासाठी नेमलेली समिती. तीन महिने एकाही छातीला नळी लावली नव्हती. त्या दिवशी एक बैठक रद्द झाली (अध्यक्ष दुसऱ्या बैठकीत अडकले होते), म्हणून नऊ विद्यार्थी आणि माझे सहायक घेऊन मी मोठ्या हौसेनं वॉर्डात शिरलो. खिडकीजवळच्या खाटेवर एक म्हातारे शिंपी होते. केसपेपर मी चालता चालता वाचला होता: झडप अरुंद, ठोक्यांमध्ये खरखर. छातीवर स्टेथोस्कोप टेकवला, डोळे मिटले आणि त्या खरखरीचं असं रसाळ वर्णन केलं की माझं मलाच कौतुक वाटलं. मग नऊही जणांनी आपापले स्टेथोस्कोप लावून ऐकलं. सगळ्यांना ऐकू आली. एका मुलीला तर ती मानेपर्यंत चढतानाही ऐकू आली. सहायक म्हणाले, "अगदी ठळक आहे, सर."

शिंपीकाका शांतपणे म्हणाले, "साहेब, मीही चाळीस वर्षं टेप गळ्यात अडकवून फिरलो. पण माप घेताना काढायचो."

ताई, कानात घालायची टोकं माझ्या मानेभोवतीच होती. आणि केसपेपर शेजारच्या खाटेचा होता. काकांच्या छातीत खरखर नव्हतीच, ते चक्कर येते म्हणून दाखल झाले होते.

मला आपली एकाच खोलीची शाळा आठवली. तपासणीचे साहेब "कळलं का?" विचारायचे आणि आपण सगळे एका सुरात "होऽऽ" म्हणायचो. तू एकदाच "नाही" म्हणालीस आणि वर्गाबाहेर उभी राहिलीस. मी आत बसून "हो" म्हणत राहिलो, आणि बघ, विभागप्रमुख झालो.

मग टोकं कानात घातली, मनात देवाचं नाव घेतलं (पूर्वी प्रत्येक रुग्णापाशी घ्यायचो, आता फक्त बैठक लांबली की घेतो) आणि पुरी दोन मिनिटं ऐकलं. ठोके स्वच्छ होते, पण मधूनच एक गळत होता. चक्कर त्यानंच येत होती. आम्ही सगळेच नसलेली खरखर ऐकण्यात गुंतलो होतो, म्हणून गळलेला ठोका कोणाच्याच कानी पडला नव्हता. "मी काहीच ऐकलं नव्हतं," असं मी विद्यार्थ्यांना सांगितलं. मग ती मुलगी म्हणाली, "सर, मीपण."

दुपारी विभागप्रमुखपदाचा राजीनामा लिहिला. कारकुनानं परत केला. आमच्याकडे कोणताही अर्ज विभागप्रमुखांच्या अभिप्रायाशिवाय पुढे जात नाही. मी अभिप्राय लिहिला, "अर्जदार या पदास योग्य नाही." तोही परत आला, अयोग्य माणसाचा अभिप्राय कसा धरायचा म्हणून. शेवटी अधिष्ठात्यांनी समिती नेमली आणि अध्यक्ष कोण, तर मीच. बैठक चार मिनिटं चालली. इतकं नीट काम मी त्या खुर्चीत प्रथमच केलं. सोमवारपासून मी साधा प्राध्यापक, सकाळी आठ ते दुपारी एक वॉर्डात.

भावजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. पत्राचं खरं काम हे. तुझ्या भावजयीला यातलं काहीच माहीत नाही. ती आपल्या माहेरी अजून "आमचे विभागप्रमुख" म्हणूनच माझी ओळख करून देते. रविवारी येणार आहेसच, तर तूच तिला हळूच सांग. ती तुझं ऐकते.

ता. क. २ रविवारी आलीस तर नुसतं जेवायला ये. पाकीट चिकटवता चिकटवता विचार केला, वर्गाबाहेर या वेळीही ताईच का उभी राहणार? म्हणून स्वयंपाकघरात जाऊन आत्ताच सगळं सांगून टाकलं. तिनं गॅस बारीक केला आणि म्हणाली, "बरं केलंत. आता घरी आल्यावरही ती टोकं कानात घालत जा."