परसातल्या खड्ड्यासाठी चाफा

गुरुवार, ता. ४ जुलै १८९५

पांढरा चाफा पडला! पहाटे वारा सुटला, त्यात मुळासकट गेला. माडीच्या खिडकीतून पाहिला, परसात आडवा. जागेवर कमरेइतका खड्डा आणि त्यात गढूळ पाणी.

वाईट वाटलं. पण खरं लिहायचं तर तो मला कधी आवडला नाही. थंडी आली की सगळी पानं टाकून नुसती बोटं वर करून उभा राही. दुर्गेची आई गेली त्या वर्षी सबंध पौष-माघ मी या खिडकीतून ती बोटंच बघत होतो. आता लावायचा तो बारा महिने हिरवा. चाफाच हवा, पण पान न टाकणारा.

दुपारी दुर्गा वर आली. हातात छापील कागद. पुण्याला बायकांना मास्तरीण होण्याचं शिक्षण देणारं ट्रेनिंग कॉलेज आहे, त्याचा. अभ्यास दोन वर्षांचा, राहणं तिथंच, दिवाळीनंतर जायचं. तळाशी वडिलांच्या सहीची जागा. ऑक्टोबरच्या पंधरा तारखेच्या आत पोचला पाहिजे. म्हणाली, "घाई नाही, अण्णा. सवडीनं वाचा."

वाचला. या वहीत घालून ठेवला.

चौदाव्या वर्षी कुंकू पुसून माझ्याकडे परत आली. आज तेवीस. माझा चष्मा, माझं औषध, माझ्या कविता, सगळं तिच्या हाती. आणि खाली माझी थोरली बहीण काशीताई — बाहत्तर वर्षांची, सोवळ्यातली. तिला हे कोण सांगणार? ती ऐकायची नाही.

रविवार, ता. ७ जुलै

परळला जाऊन आलो. भायखळ्यापर्यंत ट्राम, पुढे भाड्याची गाडी. भोईवाड्याच्या अलीकडे दगडू माळ्याची बाग आहे. दुर्गा बरोबर होती म्हणून गेलो, नाहीतर हे गुडघे कुठले नेतात!

दगडूनं तीन चाफे दाखवले, तिन्ही सदा हिरवे. पहिला विलायती, हिमचाफा. पान वरून तेल लावल्यासारखं, खालून तपकिरी मखमल. फूल म्हणे ताटाएवढं. मी भाळलोच. दगडू हसला. म्हणाला, "नावाला भुलू नका अण्णासाहेब. एका बंगल्यात साहेबानं बारा वर्सं पाणी घातलं. फुलं किती? चार. मग साहेबच घरला गेला."

दुसरा सोनचाफा. त्याचं काय वर्णन करायचं! बीचं रोप आहे, जमिनीत लावायचं. फूल यायला आठ-दहा वर्षं. म्हणजे मी अठ्ठ्याहत्तरचा. दुर्गा तेहेतिसाची. तोपर्यंत रोज पाणी घालायला कुणीतरी हवंच घरात.

तिसरा कवठी चाफा. झुडूपच म्हणायचं. पुरुषभर उंची, कुंडीतसुद्धा होतो. पण त्याचं रोप दगडूकडे उरलं नव्हतं, पानच दाखवलं.

मनात सोनचाफा ठरला.

मंगळवार, ता. ९ जुलै

कागद वहीतच आहे.

रविवार, ता. १४ जुलै

ठाकूरद्वारला रमाकांताकडे गेलो. आम्ही दोघे एका पंतोजींचे विद्यार्थी. दोघांनी मिळून जितके श्लोक पाठ केले तितक्याच छड्या खाल्ल्या. मला श्लोक आठवतात, त्याला छड्या.

त्याच्या अंगणात कवठी चाफा आहे हे मी विसरलोच होतो! संध्याकाळी एक फूल उमललं, अंड्याएवढं, पांढरं, मान खाली घातलेलं. आणि वास — पिकल्या कवठाचा! एकदम शाळेची पडवी आली, फोडलेलं कवठ आलं, त्यात कालवलेला गूळ आला, आणि पंतोजी डुलक्या घेताहेत. डोळे भरले. दुर्गेनं फुलाला नुसतं बोट लावलं तर दोन पाकळ्या गळल्या. रमाकांताची बायको म्हणाली, "त्याचं असंच आहे गं. माळायच्या कामाचं नाही." दुर्गा म्हणाली, "मग बरंच आहे की."

दगडूला बोलावून घेतलं होतं. त्यानं दोन फांद्यांना गुटी बांधली. साल बोटभर सोलायची, भोवती ओली माती आणि काथ्या, वर गोणपाट. फांदी झाडावरच राहते आणि आतल्या आत मुळं धरते. मुळं दिसली की कापून वेगळी लावायची. दोन महिने लागतील म्हणाला.

हे रमाकांतानंच करायला लावलं. माझा बेत सोनचाफ्याचाच.

गुरुवार, ता. १ ऑगस्ट

आज दुर्गेला सरळ विचारलं. खड्ड्यात सोनचाफा लावू ना? ती माझा चष्मा पुसत होती. म्हणाली, "सोनचाफा झाला की वाडीतल्या सगळ्या बायका फुलं मागायला येतील, अण्णा. वेचून त्यांच्या हातात द्यायची ती मी."

तक्रारीचा सूर नव्हता. नळाला पाणी आलंय म्हणावं तसं म्हणाली. चष्मा माझ्या हातात देऊन पुन्हा म्हणाली, "कवठी चाफाच घ्या. आणि जमिनीत नको, कुंडीत."

कुंडीत का?

आत्ता लिहिताना कळलं. जमिनीतलं झाड इथंच राहतं. कुंडी उचलून नेता येते!

शनिवार, ता. १० ऑगस्ट

चार ओळी जुळवल्या.

आधी वास घरा आला । मग दारी आले फूल ।
मज म्हाताऱ्या लागली । कुणाची ही चाहूल ॥

दुर्गेला वाचून दाखवल्या. बोटांवर मोजत म्हणाली, चौथ्या चरणात एक अक्षर कमी पडतंय. खरंच पडतंय. आठाच्या जागी सात. शेजारच्या मुलींना ती अशीच शिकवते, आधी बोटांवर मोजायला लावते. चरण दुरुस्त करून दे म्हटलं तर म्हणाली, तुमचा तुम्हीच करा.

मी नसताना तिचं कसं होईल, असं लोक मला विचारतात. ती नसताना माझे चरण कोण मोजणार, हे कुणी विचारत नाही.

रविवार, ता. १५ सप्टेंबर

रमाकांताकडे. दोन्ही गुट्यांतून पांढरी मुळं गोणपाटाबाहेर डोकावताहेत. दगडू कोयता घेऊन आला होता. मी म्हटलं, आठ दिवस राहू दे, आणखी बळकट होतील. तो म्हणाला, "ह्याच्यापुढं राखण्यात काय नफा न्हाई. मुळं आली, आता तिला तिची माती पायजे." मी ऐकलं नाही. रमाकांत बायकोला म्हणाला, "हा लहानपणापासून असाच. पाटीवरचं पुसायला सुद्धा रडायचा."

मी निघालो तेव्हा रमाकांतानं पुण्याच्या कागदाचं विचारलं. मी म्हटलं, माझं काही नाही रे, काशीताईला पसंत पडायचं नाही.

गुरुवार, ता. ३ ऑक्टोबर

आठ दिवसांचे अठरा झाले. मध्ये दसरा आला, माझे गुडघे धरले, एक ना दोन. पाऊस उघडून कडक ऊन पडलं होतं. बाहेर आलेली मुळं करपली! एक फांदी पार गेली. पानं लोंबत होती. दुसरी भिंतीच्या सावलीत होती म्हणून वाचली. दगडू एक शब्द बोलला नाही. कापली आणि माझ्या हातात दिली. बोलला असता तर बरं झालं असतं.

दुर्गेनं कुंडीत लावली. वर काड्यांचा आधार, रोज दोनदा पाणी. गेलेल्या फांदीबद्दल तिनं मला विचारलंही नाही.

शनिवार, ता. १२ ऑक्टोबर

काशीताई माडीवर आली! वर्षभरात हा जिना चढली नव्हती. कठड्याला धरून, पायरी पायरीला थांबत. दारात बसली. श्वास लागला होता. मी पाणी पुढे केलं, ते घेतलं नाही.

रमाकांताची बायको तिला देवळात भेटली होती. तिच्याकडून सगळं कळलं होतं.

"गंगाधर, मी नको म्हणते असं तू बाहेर सांगतोस. मला विचारलंस कधी?"

उत्तराची वाट न बघता ती पुढे म्हणाली,

"नऊ वर्षांची परत आले मी या घरी. तू पाच वर्षांचा. शाळेतून आलास की तुझी पाटी धुवायचं काम माझं. रोज धुतली. तिच्यावर काय लिहिलेलं असायचं ते मला आजपर्यंत ठाऊक नाही."

मग म्हणाली, "मला कुणी कागद आणला नाही. दुर्गेनं आणलाय तर तू तो वहीत दाबून बसलास. ते माझ्या नावावर घालू नकोस."

उठली आणि तशीच खाली गेली. मी हात द्यायला गेलो तर म्हणाली, "उतरता येतं मला."

साठ वर्षं मी त्या शाळेच्या आठवणी काढतो. पडवी, श्लोक, पंतोजी, कवठ. रोज धुतलेली पाटी हातात मिळायची, हे त्यांत एकदाही आलं नाही.

कागद काढला. सही केली. दुर्गेनं दोन्ही हातांनी घेतला. मी म्हटलं, कुंडी जपून ने, गाडीत हिसके बसतात. तिनं माझ्याकडे जरा चमकून पाहिलं.

रविवार, ता. २७ ऑक्टोबर

उद्या सकाळी निघणार. रमाकांत पुण्यापर्यंत सोबत जातो. काशीताईनं लाडू बांधून दिले आहेत. बरोबर एक कोरी पाटीही. कुणासाठी, ते सांगत नाही. दुर्गा हसून ती सामानात ठेवते.

खाली परसात कुंडी दिसते. तिला गोणपाट गुंडाळून द्यायला हवं. सकाळी सांगेन.

सोमवार, ता. २८ ऑक्टोबर

गेली. दारापर्यंत पोचवून माडीवर आलो, तर कुंडी माझ्या खिडकीत! उशापासून हातभर. सकाळी मी खाली अंघोळीला गेलो तेवढ्यात काशीताईनं आणि तिनं मिळून वर आणली म्हणे. पानांच्या पोटाशी एका कळीचं गाठोडं. बुडाशी चिठ्ठी — "अण्णा, जमिनीतल्या झाडाला पाणी घालायला तुम्हाला रोज जिना उतरावा लागला असता. म्हणून कुंडी म्हटलं होतं. चौथा चरण: कुणाची ही गे चाहूल."