तिकडे थंडी आहे का गं?

आई, लांबूनच तुझ्या पायांवर डोकं ठेवते.

मी मजेत आहे. बाबांचा गुडघा काय म्हणतो?

लाँड्रीत गिऱ्हाइकांशी बोलता यावं म्हणून हवेचे इंग्रजी शब्द पाठ करतेय. क्लाउडी, विंडी, चिली म्हणजे गारठा. परवा एक आजीबाई कपडे न्यायला आल्या आणि म्हणाल्या, "आज फारच चिली आहे." मी धावत जाऊन हीटर लावला! मालकीणबाई हसून म्हणाल्या, "अगं, त्यांना हीटर नको होता, दोन शब्द बोलायला कुणीतरी हवं होतं."

म्हणजे आपलं "जेवलीस का?" तेच की!

तूही दर फोनला विचारतेस, "तिकडे थंडी आहे का गं?" आणि मी "छे!" म्हणून मोकळी होते.

आहे गं आई. स्वेटरवर स्वेटर घालूनही आहे.

तुझीच,
धाकटी