वाढीव मूठ

धुळे, २१ जुलै १९७०

तुरीची बातमी छापून आली. मी लिहिलं होतं, ‘बाजार विषण्ण’. संपादकांनी विषण्णता काढली, भाव ठेवला. बरोबरच आहे!

आज पहाटे पुन्हा प्रमिलाबाईंच्या दिव्याने जाग आली. घरमालकीण मंजुळा अक्का, त्यांची ही थोरली सून. नवरा छगन सात वर्षांपूर्वी बैलबाजाराला म्हणून गेला, तो गेलाच. तेव्हापासून बाई अनवाणी. गोड बंद. मे महिन्यातही पायांत काही नाही— टाचा पाहवत नाहीत.

मी चिडवलं, “देव जागा होण्याआधीच त्याला उठवता की काय?”

“तो झोपस कोठे, नाना?”

पाठशाळेत मी सहा दर्शनं वाचली, देवाचं दर्शन एकातही झालं नाही. ही बाई निरक्षर. रोज त्याच्याशी बोलते. शेजारणीशी बोलावं तसं. भांडतेसुद्धा.

२६ जुलै

प्रमिलाबाईंचा भाऊ गिरधर भडगावहून आला. एक स्थळ आहे. बिजवर, शाळेत शिपाई, सज्जन. तिने हो म्हटलं तर पाट लावून देतो म्हणाला. “बाई, तीस वरीसनी शेस तू. किती वाट देखशी?”

“अक्का त्यास्नी मूठ लेतस तवलगून मी सवाशीण.”

श्रावणात इथे कानबाई बसते, नारळाच्या रूपातली देवी. तिच्या रोटाच्या नैवेद्यासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मूठभर गहू काढतात. फक्त जिवंताच्या. अक्का दर वर्षी छगनची काढतात.

कानबाईला येईन तेव्हा पक्कं सांग, गिरधर म्हणाला. तोवर स्थळ थांबवून धरतो.

धाकटा दीर भटू हसत होता. “वहिनी गई ते खळं कोन देखी? दोन गड्यासनं काम करस ती!”

विनोद म्हणून बरा होता. अक्का मात्र हसल्या नाहीत.

१ ऑगस्ट, जळगाव

डाळ मिलमधल्या संपाच्या बातमीसाठी आलो. फाटकात मुकादम उभा. चेहरा ओळखीचा— कुठला ते आठवेना. मग त्याने विडी पेटवली. डाव्या हाताला सहावं बोट! घरी भिंतीवरच्या फोटोत तोच हात खिशात आहे. का, ते प्रमिलाबाईंनीच लाजत सांगितलं होतं.

“छगन?” म्हटलं. वळला.

मिलमागेच त्याचं बिऱ्हाड. बायको चहा घेऊन आली. तिच्या कडेवर मुलगा, वर्षाचा असेल. बापाच्या सहाव्या बोटाला धरून लोंबत होता.

“प्रमिलाबाई अनवाणी चालतात,” मी म्हणालो.

“अजून?” असं विचारलं— गाय अजून दूध देते का, तसं. मग म्हणाला, “घरी काही सांगू नका, भाऊ. आई ते—” आणि हसला.

शरमला असेल.

४ ऑगस्ट, धुळे

सांगितलं नाही.

सांगायचं म्हणजे काय सांगायचं? तुमच्या देवाने तुमची प्रार्थना ऐकली, बाई. नवरा सुखरूप आहे!

सकाळी त्यांनी माझ्यासाठीही फूल वाहिलं. “तुमना खोकला जावाले पाहिजे.” खोकला खरंच कमी आहे. हे लिहिताना मला स्वतःचाच राग येतो आहे.

८ ऑगस्ट, शनिवार

आज गहू काढले. अक्का पाटावर, समोर सूप. आधी भटूची मूठ. मग त्याच्या दोन पोरांची. मग थांबल्या, डोळे मिटले— “छगन.”

प्रमिलाबाईंनी कपाळ जमिनीला टेकलं. आणि माझे हात जोडलेले होते. कधी जोडले? समोर नारळसुद्धा अजून मांडलेला नव्हता. त्या बाईचा विश्वास खोलीत एवढा दाटला होता की बाजूला बसून कोरडं राहणं जमेना. तो जिवंत आहे हे या घरात मला एकट्याला ठाऊक, आणि तिला त्याहून पक्कं ठाऊक.

अक्कांनी आणखी एक मूठ टाकली. छोटी. हात चुकला असेल, वय झालं.

प्रमिलाबाईंनी मात्र पाहिली. दळायला बसताना मला हळूच म्हणाल्या, “देखं ना, नाना? यंदा एक मूठ वाढनी. कानबाई मायना शब्द शे. ते येतीन. आनि पाळना हालीन.”

इथे राहायला आल्यापासून त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. जात्यावर गात होत्या. मी ओसरीवर बसून राहिलो.

९ ऑगस्ट, रविवार

कानबाई बसली. नथ, हार, नारळाला काजळाचे डोळे. छान दिसते.

गिरधर आला. प्रमिलाबाईंनी त्याला नाही सांगितलं— त्या वाढीव मुठीच्या जोरावर. तो बिचारा रडला. आता स्थळ थांबणार नाही म्हणाला. अक्कांनी सुनेच्या पाठीवरून हात फिरवला. “मन्ही लेक शे ही.”

मी ठरवलं आहे, उद्या अक्कांना सांगायचं. आईला आधी कळावं. मग त्याच आपल्या तोंडाने सुनेला मोकळं करतील. बाई कडक आहेत, पण देवभोळ्या.

१० ऑगस्ट, सोमवार

गिरधर सकाळच्या गाडीने एकटाच गेला.

पांझरेवर विसर्जन झालं. परतताना अक्कांना मागे थांबवलं. प्रमिलाबाई पुढे, डोक्यावर रिकामा पाट, तापल्या वाळूतून अनवाणी. एवढंच म्हटलं, “अक्का, छगन जळगावला आहे. मी पाहिला.”

अक्कांनी पुढे नजर टाकली, सून लांब गेली ना ते पाहिलं. मग आवाज खाली घेऊन विचारलं, “पोऱ्या चालाले लागना का, भाऊ?”

पोराबद्दल मी एक शब्द बोललो नव्हतो.