तिसऱ्या मजल्याची कसून चौकशी

२ फेब्रुवारी
आजपासून सगळं लेखी. घर बघायला लागून चौदा महिने झाले. एकवीस घरं बघितली, एकवीस नाकारली. ही म्हणते, एजंट आता आपला फोनसुद्धा उचलत नाहीत. उचलणार कसे? त्यांना कळून चुकलंय की हा माणूस फसणाऱ्यातला नाही.

बाविसावं घर. तिसरा मजला, तीन खोल्या, समोर बाग, लिफ्ट नाही. मालकीणबाई रिटायर्ड नर्स. लेकीकडे राहायला जायचंय म्हणून विकतात. कारण फारच सरळ आहे, तिथेच पाणी मुरतंय. हिला घर बघताक्षणी आवडलं. नर्सबाई वीस तारखेपर्यंत थांबणार, मग म्हणे दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. सगळे असंच म्हणतात.

घाई आहे ती बाबांसाठी. आमच्या भाड्याच्या घराखाली सुतारकामाचा कारखाना. दिवसभर करवत आणि भुसा. बाबांची छाती भरून येते. चौदा पायऱ्या चढताना तीनदा थांबतात. डॉक्टर म्हणाले, जागा बदला. बदलू की. पण एका धुळीतून उठून दुसऱ्या धुळीत जायचं नाही. साडूने दहा मिनिटांत फ्लॅट पसंत केला. आता बेडरूमच्या भिंतीपलीकडे जिम आहे आणि पहाटे पाचपासून वजनं आपटतात.

हवा, आवाज, पाणी, माणसं. चारही गोष्टी तपासायच्या. अठरा दिवस आहेत. उरतील.

३ फेब्रुवारी, सकाळी ७.१०
बागेतल्या बाकावर ठाण मांडलं. इमारत बरोबर समोर. टोपी, गॉगल, आणि हवेची खात्री होईपर्यंत नाकावर रुमाल. घर घेणारा आहे हे कळलं की लोक गोड वागायला लागतात, म्हणून ओळख लपवणं आवश्यक.

दीड तासात कुणी कुणावर ओरडलं नाही. बारा बिऱ्हाडांची इमारत आणि एक साधं भांडण नाही? काहीतरी दाबून ठेवलंय.

पावणेनऊला पहिल्या मजल्यावरचा मिशीवाला जवळ आला. कोण पाहिजे, म्हणाला. मी पटकन सांगितलं, दातांचा डॉक्टर शोधतोय. इथे कोणी दातांचा डॉक्टर नाही, म्हणाला आणि गेला. काय प्रसंगावधान माझं!

५ फेब्रुवारी
आणखी तिघांनी हटकलं. तिघांनाही दातांचा डॉक्टर सांगितला. तिघंही म्हणाले, इथे कोणी दातांचा डॉक्टर नाही. शब्दसुद्धा तेच! पढवून ठेवल्यासारखे. एवढ्या मोठ्या वस्तीत दातांचा डॉक्टर का नसावा? काय लपवतायत?

हिला सांगितलं. ही म्हणाली, अहो, तो डॉक्टर तुम्हीच काढलात ना? मुद्दा तो नाहीच.

६ फेब्रुवारी
हवेची चाचणी सुरू. पद्धत माझी स्वतःची. पांढरं कार्ड घ्यायचं, त्यावर ओठांना लावायच्या मलमाचा पातळ थर द्यायचा, धूळ चिकटते, दोन दिवसांनी भिंगाखाली मोजायची. गेटपासून तिसऱ्या मजल्यापर्यंत, दारांच्या बाजूला, सहा कार्डं चिकटवली. नंबर टाकले, अ-१ ते अ-६. दुपारी सगळी सामसूम असते, कुणी बघितलं नाही. ऑफिसात वडिलांच्या तब्येतीसाठी म्हणून अर्धी रजा टाकली. खोटं काय त्यात?

८ फेब्रुवारी
सहाच्या सहा कार्डं गायब!! धुळीची एवढी भीती कुणाला वाटावी? पुरावा नष्ट करणारी टोळीच आहे इथे. मीही हट्टाला पेटलोय. आज बारा कार्डं लावली. तिसऱ्या मजल्यावरचं मुद्दाम नर्सबाईंच्या दाराच्या चौकटीवर, उंच, सहज दिसणार नाही असं. शास्त्रशुद्ध काम व्हावं म्हणून प्रत्येकावर मोजणीची वेळही लिहिली : ‘सकाळी ११ ते दुपारी ४, घरात कोणी नाही.’

१० फेब्रुवारी
फार मोठा शोध. गेटवर नवीन वॉचमन! रजिस्टर घेऊन बसलाय. आठवड्यापूर्वी नव्हता. आणि दोन माणसं शिडीवर चढून कॅमेरे बसवत होती. म्हणजे चोऱ्या होतात. नर्सबाई तर म्हणाल्या होत्या की बारा वर्षांत घरातला चमचाही गेला नाही. पकडलं!

धावत येऊन हिला सांगितलं. हिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, बाबा आज जिन्यात खालीच बसले. वीस मिनिटं. मला एकटीला उठवेनात.

वाईट वाटलं. खरंच वाटलं. उद्यापासून तपासाचा वेग वाढवणे.

११ फेब्रुवारी
निचऱ्याची चाचणी. पावसाची वाट बघायला वेळ नाही, म्हणून गेटजवळ दोन कॅन पाणी ओतलं. पाणी क्षणभरही न साचता थेट वॉचमनच्या खुर्चीखाली गेलं. तिथे त्याची पिशवी होती. पिशवीत डबा होता. चौकापर्यंत मागे धावला.

निष्कर्ष : उतार उत्तम, शेजार तापट.

१३ फेब्रुवारी
आज जे झालं ते लिहिताना जबडा दुखतोय.

बाकावर बसलो न बसलो तोच मिशीवाला आला. म्हणाला, तुमच्यासाठी शोधून काढला बघा, मागच्या गल्लीत नवीन दवाखाना उघडलाय दातांचा. मी नको नको म्हणत असताना दंडाला धरून घेऊन गेला. माझा नंबर लागेपर्यंत शेजारी बसून राहिला. डॉक्टरांनी तोंड उघडायला लावलं आणि म्हणाले, बरं झालं वेळेवर आलात. दाढ काढली.

जमेची बाजू : दवाखान्याच्या खिडकीतून इमारतीची मागची बाजू स्वच्छ दिसते. कचराकुंडी नाही.

बाहेर आल्यावर मिशीवाल्याने मोबाईल माझ्या तोंडासमोर धरला. रेंज बघत असावा. फुकटात परक्या माणसासाठी कोण एवढं करतं? या माणसावर नजर ठेवायलाच हवी.

१५ फेब्रुवारी
गाल टम्म. बाकावर जाणं बंद.

ही रोज दहा वाजता बाबांना तपासणीला नेते आणि एक वाजता आणते. रोज कसली तपासणी? विचारलं तर दोघंही गप्प. बाबांचा खोकला मात्र कमी वाटतो. औषध बदललं असणार. पण दोघांच्या चपलांना लाल माती! दवाखान्यात लाल माती? स्वच्छतेच्या नावाने बोंब. डॉक्टर बदलायला सांगणे.

१८ फेब्रुवारी, संध्याकाळ
अहवाल पूर्ण झाला. बावीस पानं. निर्णय : नकार. चोऱ्या, कॅमेरे, तापट वॉचमन, आतल्या गाठीचा मिशीवाला आणि धूळ लपवणारे रहिवासी. स्पायरल बाइंडिंग करून हिच्या हातात दिला.

हिने तो न उघडता टेबलावर ठेवला आणि म्हणाली, घर परवाच ठरलं. सह्या झाल्या. माझी आणि बाबांची.

मी विचारलं, कशाच्या आधारावर? ही म्हणाली, बाबा आठवडाभर त्या बागेत बसतायत, तीन-तीन तास. एकदा खोकले नाहीत. मिशीवाल्या काकांशी बुद्धिबळ खेळतात. पाणी किती वाजता येतं, गच्ची गळते का, कोण कसं आहे, सगळं विचारलं आणि लोकांनी सांगितलं. म्हटलं, सांगितलं? सरळ? ही म्हणाली, हो, विचारलं की सांगतात.

चोरांबद्दल सांगितलं का ते विचार म्हटलं. ही म्हणाली, सांगितलं ना. वस्ती चांगली आहे, फक्त हल्ली एक माणूस फिरतो म्हणाले. टोपी, गॉगल, नाकाला रुमाल. दारांवर नंबर टाकतो आणि घरात कोणी नसायची वेळ लिहून जातो. म्हणून बिचाऱ्यांनी वर्गणी काढून वॉचमन ठेवला.

मी टेबलावर हात आपटला. बघ! मी हेच सांगत होतो!

हिने मग मोबाईल पुढे केला. तिथल्या सगळ्यांच्या ग्रुपवर फिरणारा फोटो.

गाल सुजलेला होता.

१९ फेब्रुवारी
ऑफिसला गेलो नाही. लाज वाटते.

बाबा येऊन शेजारी बसले. म्हणाले, फोटो बघितल्याबरोबर मी सांगून टाकलं, हा आमचाच. चोर नाही, माझ्यासाठी धूळ मोजत होता. दोन माणसं हसता हसता बाकावरून खाली आली म्हणे. नर्सबाईंचं मात्र पाऊण तास आम्हाला घर द्यायचं मन होत नव्हतं. शेवटी बाबा जामीन राहिले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, पन्नाशीच्या मुलाला जामीन.

मी म्हटलं, बाबा, मी तुमच्यासाठीच करत होतो. हो रे, म्हणाले. चौदा महिने तेच बघतोय.



२ मार्च, संध्याकाळी ६.४०. नवीन घर
ही आणि बाबा सकाळीच सामानाबरोबर आले. मी ऑफिसातून परस्पर आलो. वॉचमनने अडवलं. त्याच्यामागे भिंतीवर माझा फोटो अजून आहे. रजिस्टर पुढे सरकवलं. कोणाला भेटायचंय, म्हणाला. मी इथेच राहतो म्हटल्यावर त्याने आधी माझ्या हातात पाण्याचा कॅन आहे का ते बघितलं. मग वर फोन लावला.

बाबा स्वतः खाली आले. वॉचमनने विचारलं, ओळखता का यांना? बाबांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ. मग म्हणाले, हो, माझाच आहे, सोडा आत.

अठ्ठेचाळीस पायऱ्या. बाबा पुढे, मी मागे. मी दोनदा थांबलो. पहिल्या मजल्यावर मिशीवाला दारात उभा होता, दाढ कशी आहे विचारत होता. वर पोचलो तेव्हा बाबा दार उघडून माझी वाट बघत होते. कुठेही थांबले नव्हते.

ते आत गेल्यावर सवयीने चौकटीवर हात फिरवला. बाराव्या नंबरचं कार्ड होतं तिथेच! कुणाच्या नजरेला पडलं नव्हतं. बावीस दिवस उघड्यावर. खिडकीशी नेऊन भिंगातून बघितलं, उलटंसुलटं करून बघितलं. पांढरंशुभ्र. एक कण नाही.

मलमात भेसळ असणार.

कार्ड खिशात ठेवलंय. हिला दाखवणार नाही.